उंबऱ्यातली आणि वावरातली

दिवाळी उलटली की शेलूबाजारहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं दिसू लागतं. यंदाही दिसलं. जीपमध्ये शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "फुटला बरं कापूस यंदा," आणि पुन्हा पेंगू लागला. वेचणीच्या बायका रस्त्याकडे पाठ करून ओणव्या झाल्या होत्या. कमरेला कापूस ठेवायच्या ओट्या बांधलेल्या, डोक्यावर जुने शर्ट किंवा पदर. त्यांतली मालकीण कोण आणि रोजानं आलेली कोण, हे तेवढ्या अंतरावरून सांगता आलं नसतं. माझ्या लहानपणी रस्त्यावरून जाणारा माणूस ते सांगू शकत असे, आणि त्यावरून घराची पायरी ठरत असे.

वर्तमानपत्राच्या कचेरीत माझी पुष्कळ वर्षं दुसऱ्यांचा मजकूर दुरुस्त करण्यात गेली. खेड्यातला बातमीदार लिहून पाठवी, 'गावातील बडी मंडळी हजर होती.' मी 'बडी मंडळी' खोडून 'उच्च वर्गातील नागरिक' करी. 'हलके लोक' असेल तिथं 'कनिष्ठ वर्ग' लिही. ते शब्द छापायला सोयीचे होते. कुणाला लागत नव्हते आणि कुणाला फारसं काही सांगतही नव्हते. उच्च म्हणजे कशानं उच्च? पैशानं म्हणावं, तर आमच्या भागात देशमुखांची कितीतरी घरं अशी होती की पावसाळ्यात माजघरात गळतीखाली भांडी ठेवावी लागत, तरी ते घर बडंच. जमिनीनं म्हणावं, तर भरपूर जमीन असलेल्या कुणब्याला लोक 'कास्तकार' म्हणत, 'घरंदाज' म्हणत नसत.

आमच्या गावात हे शब्द एका साध्या गोष्टीवर उभे होते. घरची बाई दिवसा कुठे दिसते? जी दिसतच नाही, ती बड्या घरची. आपल्या वावरात दिसते ती कास्तकाराची. दुसऱ्याच्या वावरात दिसली की गरिबाची. माळ्यांच्या बायका स्वतः पिकवलेली वांगी-मेथी घेऊन शेलूबाजारच्या बाजारात बसत आणि गिऱ्हाइकाशी मोठ्यानं घासाघीस करत. त्यांच्याकडे पैसा खेळता असे, पण 'बाजारात बसणारी' हे नाव त्यांना चिकटलेलंच राही. पुरुष काय करतो हे कुणी फारसं विचारत नसे. पुरुष सगळीकडेच दिसत.

मी सांगतो आहे तो काळ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काही वर्षांचा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी अकोल्याला हायस्कुलात शिकत होतो आणि दिवाळीला घरी आलो की वेचणी भरात येईपर्यंत राहत होतो.

वेचणी म्हटली की मला मायचे हात आठवतात. सकाळी दव असतं, ओला कापूस वेचायचा नसतो, म्हणून बायका धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून उन्हाची वाट पाहत. ऊन पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या, शेंड्यावरून खाली उतरलं की माय उठे. वाळलेल्या बोंडाच्या कडा बोटांना ओरखडतात. सराव नसलेल्याच्या हाताला तासाभरात रक्त येतं. मायची बोटं बोंडाला जेमतेम टेकलेली दिसत आणि कापूस मात्र मुठीत आलेला असे, वाळल्या पात्याचा एकही तुकडा न लागता. ओटी भरली की ती चालताना गरोदर बाईसारखी मागे झुकून चाले. वेचणाऱ्या बायका त्यावरून एकमेकींची थट्टा करत. संध्याकाळी मायच्या अंगाला कापसाच्या सरकीचा उग्र, थोडा तेलकट वास येई. तो वास म्हणजे कार्तिक महिना, असं माझ्या डोक्यात बसलं आहे.

मग बाबांचे दिवस पालटले. पाठोपाठ काही वर्षं कापसाला भाव मिळाला, रस्त्याकडेचं चांगलं वावर विकत घेता आलं, घरावर टिनपत्रे चढले. बाबांना लोक आधी 'गणपत' म्हणत, मग 'गणपतभाऊ' म्हणू लागले, मग 'गणपतराव'. हाक बदलली तसं घरही बदलायला हवं, असं बाबांना वाटलं असावं. एका वर्षी त्यांनी मायला सांगितलं, "आता तू वावरात नको जात जाऊ. बरं नाही दिसत." खुंटीवरची ओटी काढून तिनं घडी घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

त्यानंतर दोन हंगाम माय घरात होती. ती डाळी निवडी, निवडून झालेल्या पुन्हा निवडी. दुपारी मागच्या दाराच्या उंबऱ्यात बसून राही, कारण तिथून वावराकडून येणारी पायवाट दिसे. शेजारच्या बायका तिला 'पाटलीनबाई' म्हणू लागल्या होत्या. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते बोलणारीवर अवलंबून असे. पार्वतामावशीच्या बोलण्यात टोमणाच जास्त असे.

पार्वतामावशी ही वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादमीण. स्वतःचं वितभर वावर नाही, पण कुणाच्या वावरात कधी किती बाया जातील हे तिच्या शब्दावर ठरे. तिनं आणि मायनं तरुणपणापासून शेजारशेजारच्या पाती धरल्या होत्या. पात म्हणजे एकीनं वेचत जायच्या ओळींचा पट्टा. माय वावरात यायची बंद झाली, तेव्हा तिनं तोंडावर विचारलं होतं, "काहून वं, ऊन टोचाले लागलं का तुले?"

त्याच सुमारास माझ्या बहिणीला, सुभद्राताईला, मंगरूळपीरच्या पलीकडच्या एका देशमुखांच्या घरचं स्थळ सांगून आलं. त्यांच्याकडे नाव होतं, बाबांकडे पिकणारं वावर होतं. असे संबंध त्या वेळी आमच्या भागात होत असत, पण दोन्हीकडे मानानं तोलून मापून होत. मुलाची आई नव्हती. घरचा सगळा कारभार त्याच्या विधवा आत्याकडे होता. या आत्याबाई पडद्याच्या दमणीतून आमच्याकडे आल्या. दमणी म्हणजे माणसांच्या प्रवासाची हलकी बैलगाडी. उंच, काटक बाई. त्यांनी ताईला फार काही विचारलं नाही. बाबांना मात्र विचारलं, "आमच्यात बाया वावरात कामाला जात नाहीत. तुमच्याकडे?"

"नाई जात," बाबा म्हणाले.

माय आतल्या दारात उभी होती. तिनं आपले हात पदराखाली घेतले, एवढं मी पाहिलं.

बोलणी पुढे गेली. साक्षगंधाचा, साखरपुड्याचा, दिवस ठरला. आणि कापूस फुटला.

पहिल्या वेचणीच्या आधी सीतादही करतात. वावराच्या एका कोपऱ्यात पऱ्हाटीच्या बुडाशी लहान दगड मांडायचे, त्यांना चुना-कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तोच भात झाडांवर शिंपडायचा आणि घरच्या बाईनं पहिली बोंडं आपल्या हातानं वेचायची. तोवर दुसऱ्या कुणी झाडाला हात लावायचा नाही. मागच्या दोन वर्षीही, वेचणीला जाणं बंद असूनही, सीतादहीला माय पहाटे गुपचूप जाऊन आली होती. या वर्षी बाबांनी तेही नको म्हटलं. नवं वावर रस्त्याला लागून, आणि त्या रस्त्यानं मंगरूळपीरकडची माणसं सारखी ये-जा करत. कुणी पाहिलं आणि तिकडे सांगितलं तर?

त्यांनी पार्वतामावशीला बोलावलं.

"तू करून टाक औंदा सीतादही."

"मी?" मावशी हसलीच. "गणपतभाऊ, सुनेची ओटी घरची सासू भरते का शेजारीन?"

"तुले जे लागीन ते घे, पन करून टाक."

"मले काई नाई लागत. लक्ष्मी तुमची, अन् हात माहा? सांगून ठेवतो, मले हे पटून नाई राह्यलं."

"बड्या घरी बाया येतात का वावरात?" बाबांचा आवाज चढला.

"मी कुठं पाह्यलं बाप्पा बड्या घरी काय होते ते. मले तिथं कोन घेते?" असं म्हणून ती दहीभाताचं गाडगं घेऊन गेली. सीतादही तिनं केलं. माय त्या दिवशी जेवली नाही. उपास आहे म्हणाली. उपासाचा वार नव्हता.

त्या वर्षी कापूस एकदमच फुटला. असं कधी कधी होतं. सगळ्यांची वावरं एकाच वेळी पांढरी होतात आणि वेचायला हात पुरत नाहीत. मी पार्वतामावशीकडे निरोप घेऊन गेलो, तर ती म्हणाली, "बाया काय मी सुपात पाखडून काढू? अर्ध्या घेऊन येतो, जा सांग तुया बापाले." अर्ध्या बाया आल्या. वावर अर्धंही झालं नाही, आणि पूर्वेकडून आभाळ उठलं.

फुटलेल्या कापसावर पाऊस पडला की तो पिवळा पडतो, चिकटतो, डागी होतो. त्याला कवडी म्हणतात. सगळ्या वर्षाची मेहनत एका दुपारी कवडी होऊ शकते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. माश्या अंगाला चिकटत होत्या. दुपारच्या जेवणाला बाबा घरी आले, पण ताटावर बसले नाहीत.

"आभाळ दिसून राह्यलं न?" मायनं विचारलं.

"दिसते."

"मंग?"

"मंग काय. आनखी बाया पाह्यतो."

"कुठून पाह्यता? साऱ्याइचं एकाच टायमाले फुटलं." माय उठली. "मी चालली."

"तू गेली अन् त्याइच्या कोनी पाह्यलं, त पोरीचं जुळलेलं मोडीन. समजते का तुले?"

माय थांबली. ती खरोखरच थांबली, कारण ते खरं होतं. आभाळ आणि पोरगी यांच्यात निवड करायची होती आणि तिला ती करता येत नव्हती. तेवढ्यात आतून पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज झाला. सुभद्राताई बाहेर आली. तिच्या हातात मायची घडी घातलेली ओटी होती आणि तिच्या स्वतःच्या कमरेला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला होता.

"घे माय. चाल."

"तू कायले?" बाबा म्हणाले. "तुयासाठीच त हे सारं चालू आहे!"

"माह्यासाठी आहे त मी येतो न," ताई म्हणाली आणि उंबऱ्याबाहेर पडली.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. दोन वर्षं घरात बसलेली माय त्या पायवाटेनं कशी चालली, ते मला नीट सांगता येणार नाही. ती पळत नव्हती, पण मी मागे पडत होतो.

पार्वतामावशीनं लांबूनच पाहिलं. "या, या, पाटलीनबाई! रस्ता सापडला का?"

"तोंड कमी चालव, हात चालव."

"हातच चालते वं माहा. तोंडानं कापूस वेचतो का मी?" असं म्हणत तिनं आपल्या शेजारची पात मोकळी सोडली. माय त्या पातीत उभी राहिली, ओणवी झाली आणि वेचू लागली. बोंडातून कापूस निघतो त्याचा आवाज तसा येत नाही. पण खूप बायका एकदम वेचत असल्या की एक बारीक सळसळ चालू राहते. ती तेवढी ऐकू येत होती. ताई दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूनं वेचत होती. बाबा आले आणि धुऱ्यावर उभे राहिले. ते रस्त्याकडे पाहत होते.

ज्याची त्यांना भीती होती तेच झालं. शेलूबाजारला नातलगांकडे गेलेल्या आत्याबाई आभाळ पाहून लवकर परतल्या होत्या. त्यांची दमणी आमच्या वावराशी आली आणि गाडीवानानं बाबांना ओळखून बैल थांबवले. पडदा थोडा सरकला. बाबा डोक्यावरचा रुमाल सारखा करत पुढे झाले. ताई जिथं होती तिथंच सरळ उभी राहिली. भरलेल्या ओटीनं तिला लपताही आलं नसतं.

"आभाळ आलं म्हणून..." बाबांनी सुरुवात केली. "नाई त आमच्या बाया कधी..."

"आभाळ मला पण दिसते, गणपतराव," आत्याबाई म्हणाल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या चुन्याच्या दगडांकडे गेली. "सीतादही झालं वाटते. कोणी केलं?"

पार्वतामावशीनं आपल्या पातीतूनच उत्तर दिलं, "मी केलं, बाईसाहेब."

"घरची बाई असताना?"

"मालक म्हनले, बड्या घरी बाया वावरात येत नाईत."

आत्याबाईंनी पडदा आणखी थोडा सरकवला. "कामाला येत नाहीत," त्या म्हणाल्या. "सीतादहीला आमची मोठी बाई अनवाणी येते. मी स्वतः येतो. तेवढा एकच दिवस असते आमचा. तो कोणी दुसरीला देते का?"

बाबांनी त्यांच्या घराचा पडदा पाहिला होता. पडद्याआड बसून कोण, कधी, कुठं जातं, ते पाहिलं नव्हतं. बड्या घरासारखं व्हायचं म्हणून त्यांनी नेमकी तीच गोष्ट सोडून दिली होती, जी बड्या घरानं सगळं सोडूनही धरून ठेवली होती. ते त्यांच्या ध्यानात आल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आत्याबाईंनी ताईला हातानं जवळ बोलावलं. पडद्यातून हात बाहेर आला, गोरा, हिरव्या शिरांचा. त्यांनी ताईच्या ओटीतला मूठभर कापूस घेतला, बोटांनी थोडा ओढून धागा पाहिला. "लांब आहे," त्या म्हणाल्या. मग ताईला म्हणाल्या, "हात साफ आहे तुझा. माझी ना नाही, पोरी. आजचं मी पाहिलं नाही असं समज. पण आमच्या घरी आलीस की वावर वर्षातून त्या एका दिवशीच दिसीन. जमते का?"

लग्नाच्या मुलीला तिचं मत विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. बाबा घाईनं म्हणाले, "जमते, जमते. काहून नाई जमनार?"

"मी तिला विचारलं."

मोठे, विरळ थेंब पडू लागले होते. ताईनं आत्याबाईंकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग तिनं वाकून दमणीच्या पायरीला हात लावून नमस्कार केला, वळली आणि आपली पात धरली. ती घाईघाईनं वेचू लागली. तिकडून माय ओरडली, "खालची बोंडं आधी घे वं!" एवढंच.

पडदा पडला. दमणी गेली.

पाऊस त्या दिवशी शिंतडून वाशीमकडे निघून गेला. रस्त्याकडचा थोडा कापूस डागला, बाकीचा वाचला. वळून पात धरणं हेच ताईचं उत्तर, हे आत्याबाईंना कळलं होतं. साक्षगंध होणार नाही, असा निरोप चार दिवसांनी आला. निरोप्या पाणी न पिता गेला. गावानं अर्थ लावला की बड्या घरानं हलकं घर नाकारलं. बाबांनीही काही दिवस तसंच सांगितलं, कारण पोरीनं नकार दिला हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. 'गणपतराव' पुन्हा बहुतेकांच्या तोंडी 'गणपतभाऊ' झाले. पुढच्या वर्षी सीतादहीला माय भर उन्हात, रस्त्यानं गेली. दहीभाताचं गाडगं बाबांनी स्वतः धरलं होतं.

ताईचं लग्न शेलूबाजारजवळच्या एका साध्या कास्तकाराच्या घरी झालं. आयुष्यभर तिनं स्वतःच्या वावरात वेचणी केली आणि तंगीच्या वर्षी दुसऱ्याच्याही. आमच्या जुन्या मोजमापानं ती खालीच गेली. कचेरीत मी जेव्हा जेव्हा 'कनिष्ठ वर्ग' लिहिलं, तेव्हा त्यात माझी बहीण येते, हे मला कळत होतं. तो शब्द मी तरीही बदलला नाही. बदलून काय लिहायचं, ते सुचलं नाही.

यंदा मी तिच्याकडेच चाललो होतो. ती आता वेचत नाही. गुडघे वाकत नाहीत. ओसरीवर बसून नातसुनेनं आणलेल्या कापसाला चिकटलेली वाळकी पाती काढत होती. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. आत्याबाई तर सगळं माफ करून तयार होत्या. मग ती का वळली?

"बाई चांगली होती," ताई म्हणाली. "तिचं काई चुकलं नाई."

"मग?"

"तिनं माह्या ओटीतला कापूस घेतला न, धागा पाहाले?"

"हो."

"पाहून झाला होता तिचा. मी ओटी पुढं धरली, टाकीन म्हनून. तिनं नाई टाकला." ताईनं आपली मूठ मिटून दाखवली. "अशी घट्ट धरली होती मूठ. तशीच पडद्यात घेऊन गेली. वर्षातून एक दिवस वावर पाहनारी बाई, मूठभर कापूस सुटला नाई तिच्यानं."

मग तिनं मूठ उघडली आणि पुढच्या पुंजक्यातली पाती काढू लागली.